मुलामा

‘मुलामा’ हा शब्द मराठीत भलताच बदनाम झाला आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला, तेव्हा त्याचा संबंध नुसत्या चकाकीशी होता. आज बोलण्यावर मुलामा, वागण्यावर मुलामा. म्हणजे आत काहीतरी खोटे आहे, हे ठरलेलेच. पण एके ठिकाणी हा शब्द मला आदराने उच्चारावासा वाटतो. ते ठिकाण म्हणजे जुन्या फ्रेंच दिवाणखान्यातले घड्याळ.

हे घड्याळ भिंतीवर टांगायचे नव्हे. पॅरिसच्या थंडीत भिंतीतली शेकोटी हवीच. तिच्यावर संगमरवरी फळी, फळीमागे आरसा आणि मधोमध हे घड्याळ. दोन्ही अंगांना शमादाने. तबकडी असते तळहाताएवढी. बाकी सारा थाट ब्राँझचा. देवदेवता, गरुड, फुलांच्या माळा, काय वाटेल ते! रथाच्या चाकाच्या जागीच तबकडी बसवलेली घड्याळे मला पाहवत नाहीत; वेळ पाहावी की घोडे पाहावेत? पण लुई-सिमॉन ब्वाझो या शिल्पकाराच्या नमुन्यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेले एक घड्याळ माझ्यासारख्या मास्तराला मोहवते. एका बाजूला वाचत बसलेली तरुणी, दुसऱ्या बाजूला लिहीत बसलेला तरुण, आणि दोघांच्या मध्ये मुकाट्याने चाललेला काळ.

आतले यंत्र मात्र साधे आणि गुणी. आठवड्या-पंधरवड्याने किल्ली द्यावी; तासाला टोले आणि अर्ध्या तासाला एक. जुन्या घड्याळांत लंबक चक्क रेशमी दोऱ्याला टांगलेला असे. हवा दमट झाली की दोरा बदले आणि वेळही बदले. घरातल्या मंडळींनी त्याचे फारसे मनावर घेतले असेल असे वाटत नाही, कारण घड्याळ मुळी पाहण्यासाठीच होते. रात्री मेणबत्त्या लागल्या की ब्राँझवरचे सोने जिवंत होई. काही भाग मुद्दाम मंद ठेवलेला, काही अकीकाच्या दगडाने घासून लखलखीत केलेला; ज्योत हलली की देवीच्या वस्त्राची चुणीही हलल्यासारखी वाटे.

ते सोने तिथे बसत असे कसे? सोन्याचे पातळ तुकडे सुमारे आठपट तापलेल्या पाऱ्यात विरघळवायचे, चामड्यातून पिळून जादा पारा काढायचा, आणि उरलेला लोण्यासारखा गोळा पितळी तारांच्या कुंचल्याने ब्राँझवर माखायचा. मग ती वस्तू निखाऱ्यावर धरायची. पाऱ्याची वाफ होऊन जाते, सोने मागे राहते. इंग्रजीतला ‘ऑर्मोलू’ हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ दळलेले सोने. दळले कोण जात होते, हे त्या शब्दात आलेले नाही.

कारण ती वाफ दिसत नाही आणि तिला वासही नाही. ती कारागिराच्या छातीत जाई. तोंडाला सारखी लाळ सुटे, दात हलू लागत, आणि मग हात कापू लागत. ज्या हातांनी परीच्या पापणीवर सोने बसवायचे, तेच हात! तबकडीवर नाव असे घड्याळजीचे. नमुना करणारा शिल्पकार, ओतारी आणि नक्षी उठवणारा यांची नावे निदान जाणत्यांना तरी ठाऊक असत. निखाऱ्यापुढे बसणाऱ्याला बहुधा नावच नसे.

अँतवान-आंद्रे राव्रियो हा पॅरिसचा नामांकित ब्राँझवाला. नेपोलियनच्या राजवाड्यांना माल पुरवणारा आणि फावल्या वेळी गाणी रचणारा, असा हा रंगेल गृहस्थ. 1814 साली तो वारला. त्याने मृत्युपत्रात 3,000 फ्रँक राखून ठेवले होते: मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधील, त्याला. ज्या धंद्यावर आपण श्रीमंत झालो, त्या धंद्यात माणसे कशाने मरतात हे त्याला ठाऊक होते, आणि ते त्याने कागदावर लिहून ठेवले. धंदेवाईकांत हे विरळाच.

विज्ञान अकादमीने स्पर्धा लावली आणि दार्से या रसायनशास्त्रज्ञाने ती जिंकली. त्याचा प्रबंध 1818 साली छापला गेला. उपाय काय, तर धुराडे! मुलाम्याच्या भट्टीच्या धुराड्याला आणखी एक लहान भट्टी जोडायची. तिच्या आचेने हवा जोराने वर खेचली जाते आणि वाफ माणसाकडे न वळता आकाशात जाते. आपल्याकडची कुठलीही गृहिणी, चूल धुमसली की, असेच काहीतरी सुचवील. पण ते सुचायला बक्षीस लागले, आणि बक्षीस ठेवायला एका मालकाचा मृत्यू.

पुढे 1840 साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले, आणि लवकरच क्रिस्तोफ्लने ती रीत पॅरिसला नेली. त्या द्रावणात सायनाइड असते. तरी पाऱ्याची वाफ टळली. स्वस्तातली घड्याळे तर ब्राँझ सोडून जस्ताची निघाली. तळाला आतून किंचित खरवडून पाहावे: पिवळे निघाले तर ब्राँझ, राखाडी निघाले तर जस्त.

विजेचे सोने पातळ आणि एकसारखे बसते. पाऱ्याच्या सोन्याची ऊब त्याला नाही, असे जाणकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. म्हणून लिलावांच्या याद्यांत आजही घड्याळाच्या वर्णनात ‘पाऱ्याचा मुलामा’ हे शब्द मोठ्या अभिमानाने छापतात, आणि त्या शब्दांनी किंमत वाढते.