आठवड्यातले पाच दिवस बंद राहणारं घर

अलिबाग, कर्जत, मुळशी, लोणावळा या पट्ट्यात सुट्टीचे बंगले भराभर उभे राहत आहेत आणि त्यांचा साचा एकच आहे: समुद्राकडे किंवा डोंगराकडे छतापर्यंत काच, खाली इटालियन संगमरवर, वर जिप्समचं छत, प्रत्येक खोलीत एसी, दारात हिरवळ. याला आलिशान म्हणतात. ऐपत असलेल्याने घरावर सढळ हाताने खर्च करावा, त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो आरामासाठी बाहेरची हवा बाहेरच ठेवावी लागते या समजुतीला.

काचेमुळे निसर्ग घरात येतो, असं सांगितलं जातं. येतं ते ऊन. कोकणात समुद्र पश्चिमेला, म्हणून मोठी काचही पश्चिमेला. दुपारनंतर सूर्य इतका खाली उतरतो की वरचा छज्जा कितीही रुंद असला तरी त्याला अडवू शकत नाही. मग जाड पडदे ओढायचे, एसी वाढवायचा, आणि ज्या देखाव्यासाठी लाखो रुपये मोजले तो पडद्याआड घालवून बसायचं.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो: घर कडेकोट बंद असलं की स्वच्छ आणि टिकाऊ राहतं. इथेच सगळं चुकतं. सुट्टीचं घर सोमवार ते शुक्रवार कुलपात असतं. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत हवा न खेळणाऱ्या खोलीत प्लायवूड फुगतं, जिप्समवर काळे ठिपके उमटतात, गाद्यांना कुबट वास धरतो. शुक्रवारी रात्री पोहोचलेलं कुटुंब शनिवारची सकाळ बुरशी पुसण्यात घालवतं. माणसं नसतानाही श्वास घेऊ शकेल असंच हे घर हवं. आराखड्याची पहिली अट हीच असली पाहिजे, आणि बहुतेक आराखड्यांत ती शेवटचीही नसते.

हे जमतं याचा पुरावा अलिबागजवळ नांदगावला आहे. तिथल्या नारळाच्या वाडीत वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये ‘पाल्मायरा हाऊस’ पूर्ण केलं. दगडी जोत्यांवर ऐनाच्या लाकडाचे दोन लांबट सांगाडे, मधे पोहण्याचा तलाव, आणि भिंतींच्या जागी ताडाच्या लाकडाच्या तिरक्या पट्ट्या. त्यांतून वारा येतो, ऊन गाळून येतं, आणि घराला कुलूप असलं तरी हवा फिरत राहते. पाणी वाडीतल्याच विहिरींचं. ऐषआराम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

यावर डासांचा, माकडांचा, चोरीचा आक्षेप निघतो. तो खोटा नाही, पण त्यासाठी अख्खं घर काचबंद करायचं कारण नाही. झोपण्याच्या खोल्या जाळीच्या आणि भक्कम दारांच्या करा. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल तर तिथे एसीही लावा. पण बसणं, जेवणं, वाचणं, दुपारी आडवं होणं यांना पडवीच हवी, आणि ती अरुंद नको. किमान दहा फूट खोल पडवी असली तर नैर्ऋत्येचा पाऊस तिरका आला तरी मागच्या भिंतीशी आरामखुर्ची कोरडी राहते. वाडीतली माणसं पावसाळ्याआधी पश्चिमेला झावळ्यांची झापं बांधतात. आज तेच काम सरकत्या लाकडी पट्ट्या करतील.

तलाव हवा असेल तर खुशाल करा, पण हिशेब आधी करा. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात साठ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या मे महिन्यात हंडे घेऊन उभ्या असताना तो वारंवार रिकामा करून भरणं मला अन्यायाचं वाटतं. गाळणयंत्र चांगलं बसवा, पावसाचं पाणी साठवा, आणि तलाव झाडांच्या सावलीत घ्या, म्हणजे बाष्पीभवन कमी होईल आणि भर दुपारीही पोहता येईल.

संगमरवराचे पैसे वाचवून ते चांगल्या सुताराला द्या, जांभ्याच्या जाड भिंतींना द्या, डोक्यावर उंच कौलारू छपराला द्या. जागेवर जुना आंबा किंवा फणस असेल तर नकाशा त्याला वळसा घालून काढा. बुंध्यापासून पुरेसं अंतर सोडून पाया खणायचा, हे कंत्राटदाराच्या करारातच लिहून घ्या.