आधी बाण मोजा, मग गट पाडा

शेतीच्या पानावर आज तिरंदाजी कशी, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात पोट्ट्यांच्या हातात धनुष्य आलं आहे आणि तालुक्या-तालुक्यात स्पर्धा भरू लागल्या आहेत. त्या भरवणारे सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक म्हणजे तुम्हीच. तेव्हा गट कसे पाडायचे हा प्रश्न तुमच्यापुढे येणारच.

धनुष्य आलं कुठून ते सांगायला नको. आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार याने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात जगातला अव्वल खेळाडू माइक श्लोसर याला १४९ विरुद्ध १४८ अशा एका गुणाने हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी सांघिक सुवर्ण घेतलं. अंतिम सामन्यात कोरिया २३० वर राहिला, आपण २३५. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. मग गावातल्या पोरांना वाटणारच की आपणही नेम धरावा.

आता माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझा पुतण्या सहा महिन्यांपूर्वी शिकू लागला, धनुष्य उसनं. एका स्पर्धेला त्याला मोटारसायकलवर घेऊन गेलो. स्पर्धा कोणाची, कुठली ते सोडून द्या, त्यांचा हेतू वाईट नव्हता. सकाळी क्रमवारीसाठी ३६ बाण झाले. पुतण्याचे ३६० पैकी १६८ गुण, ३२ मुलांत ३१ वा. दुपारी सामने लागले तेव्हा त्याच्यापुढे कोण आला? क्रमवारीतला दुसरा, ३१८ गुणांचा, चार वर्षं रोज सराव करणारा मुलगा. रिकर्व्हच्या सामन्यात तीन-तीन बाणांचे सेट असतात, सेट जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली तर एक, आणि सहा गुण ज्याचे आधी तो जिंकला. तीन सेट, नऊ बाण, ६ विरुद्ध ०. वेळ किती लागला म्हणाल तर चहा थंड व्हायच्या आत. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "साहेब, नऊ बाणासाठी सोयाबीनची फवारणी टाकून आलो की मी!" त्यांच्या मुलाचंही तसंच झालं होतं.

यात कोणी लबाडी केली नव्हती, नियमच तसा आहे. क्रमवारीत पहिला आलेला शेवटच्याशी भिडतो, दुसरा शेवटून दुसऱ्याशी. मोठ्या स्पर्धेत ७२ बाण, ७२० पैकी गुण, आणि मग ही मांडणी. हेतू असा की दोन सरस खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांना बाद करू नयेत आणि अखेरीस खरा विजेता निघावा. देशाचा संघ निवडायचा असेल तर ही पद्धत योग्यच. पण तालुक्याच्या स्पर्धेत आपल्याला विजेता शोधायचा असतो की नवे पोरं टिकवायचे असतात? दोन्ही पाहिजे असेल तर एकाच चाळणीने भागत नाही.

सध्या गट दोन गोष्टींवर पडतात: धनुष्याचा प्रकार आणि वय. धनुष्याचं बरोबरच आहे. बांबूचं किंवा लाकडाचं इंडियन राउंडचं धनुष्य, रिकर्व्ह आणि चाकांचं कंपाउंड यांची एकमेकांशी तुलनाच होत नाही. मोठ्यांच्या स्पर्धेत रिकर्व्हचं लक्ष्य ७० मीटरवर असतं, कंपाउंडचं ५० मीटरवर आणि तेही लहान. हे गट मोडायचा विचार कोणी करू नये. वयाचं मात्र वेगळं आहे. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. लहान मुलाच्या अंगात जड धनुष्य ओढायची ताकद नसते, म्हणून वय पाहावंच लागतं. पण वय म्हणजे कुवत नव्हे. साताऱ्याच्या अदिती स्वामीचं बघा. उसाच्या शेतात थाटलेल्या मैदानावर शिकलेली ही मुलगी जुलै २०२३ मध्ये लिमरिकला १८ वर्षांखालील गटात जागतिक विजेती झाली आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनला मोठ्यांच्या गटातही जगज्जेती झाली. वय तेव्हा १७. अशी एक मुलगी एका बाजूला आणि तिच्याच वयाची, गेल्या दिवाळीत धनुष्य हाती धरलेली मुलगी दुसऱ्या बाजूला. वयाच्या गटात दोघी एकाच रांगेत उभ्या राहतात.

आपल्या मातीतल्या खेळांनी हा प्रश्न केव्हाच ओळखला आहे. जत्रेच्या कुस्तीत पंच पहिलवानांना समोरासमोर उभं करून अंग, वय, तालीम बघतात आणि मगच जोड लावतात. विजोड कुस्ती लावली तर फडावर बसलेलं गाव ओरडतं. बैलांच्या शर्यतीचं तेच. पश्चिम महाराष्ट्रात दातांवरून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात, आपल्याकडे शंकरपटात गावगट वेगळा ठेवायची रीत आहे. २०१४ ची बंदी उठून पट पुन्हा रीतसर सुरू झाले ते डिसेंबर २०२१ नंतर, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायदाही ग्राह्य धरला. पण मधल्या बंदीच्या वर्षांत गावगट काय असतो ते कोणी विसरलं नाही. बाहेरची नामी जोडी गावातल्या माणसाच्या नावाने गावगटात घुसवायची चलाखीही कोणी विसरलं नाही, हे जाताजाता सांगून ठेवतो. त्या चलाखीकडे पुढे यायचंच आहे.

बाहेरच्या देशांतही कुवतीचे गट आहेत. इंग्लंडच्या क्लबांत प्रत्येक तिरंदाजाला त्याच्या मागच्या गुणांवरून एक हँडिकॅप आकडा मिळतो. नवख्याचा मोठा, कसलेल्याचा लहान, आणि त्या आकड्याप्रमाणे गुणांत भर घालून नवखा आणि जुना एकाच मैदानात चुरशीने खेळू शकतात. अमेरिकेत काही मोठ्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांच्या गुणांवरून खेळाडूंचे थर पाडतात आणि प्रत्येक थरात वेगळं बक्षीस असतं. पण परदेशी पुस्तकं आणून इथे गणितं मांडत बसायची गरज नाही. आपल्याला लागणारा कागद दुपारी बारा वाजताच आयोजकाच्या टेबलावर तयार असतो. तो म्हणजे क्रमवारीचा तक्ता. त्यावरून आपण फक्त कोण कोणाशी भिडेल तेवढं ठरवतो. त्यावरूनच गटही पाडता येतात.

कसे ते सांगतो. समजा एकाच प्रकारच्या धनुष्याचे, एकाच अंतरावरचे १६ मुलं आले. ३६ बाणांचे गुण उतरत्या क्रमाने लिहा. वरून ३१८, ३११, ३०९, ३०२, मग एकदम २६४, २६१, २५८, २५५, २४९, २४७, २४४, २४०, मग १९८, १९१, १८४, १६८. बघा, तक्त्यात फटी आपोआप दिसतात. ३०२ आणि २६४ च्या मध्ये एक मोठी फट, २४० आणि १९८ च्या मध्ये दुसरी. गटाची रेघ तिथेच मारा. "२५० च्या वर वरचा गट" असा गोल आकडा धरू नका, कारण तसं केलं तर २४९ वाला आणि २५५ वाला वेगळे होतात. सहा गुणांचा फरक म्हणजे काय हो, एक बाण वाऱ्याने काठावर गेला की तेवढा फरक पडतो. आज ज्याने २४९ मारले तो उद्या २६० मारेल, परवा २३८. सोयाबीनच्या ओलाव्याचा अनुभव आहे ना? हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची रेघ, आणि साडेबारावाल्याचा माल परत. २०२४ च्या हंगामात ती मर्यादा १५ टक्के करावी लागली. काटेकोर रेघ कुठेतरी लागतेच, पण दाटीच्या मधोमध रेघ मारली की भांडण ठरलेलं. विरळ जागी मारली तर कोणी बोलत नाही.

मग प्रत्येक गटात चार-चारची साखळी लावा. मधल्या गटात आठ असले तर दोन साखळ्या. प्रत्येकाचे तीन सामने, म्हणजे कमीत कमी २७ बाण, तेही आपल्या जोडीच्या मुलाशी. सामने वाढतात हे खरं. पण लक्ष्यं सहा-आठ असली तर एकाच वेळी अनेक सामने लागतात आणि तासा-दीड तासाहून जास्त वेळ जात नाही. गावात मुली तीन-चारच येतात आणि त्यांचा गटच रद्द होतो, किंवा आल्या तेवढ्यांना पदक देऊन बोळवण होते. गावपातळीवर गुणांच्या गटात त्यांना मुलांबरोबर खेळवायला हरकत काय? अंतर तेच, धनुष्य तेच, गुण तेच. शासकीय स्पर्धेत वेगळे गट आहेत ते तसेच राहतील.

आता ती चलाखी. खालच्या गटात बक्षीस सोपं दिसलं की एखादा हुशार गडी सकाळच्या ३६ बाणांत मुद्दाम चार-पाच बाण बाहेर मारेल, खालच्या गटात शिरेल आणि दुपारी सगळ्यांना लोळवेल. हे होणार, गृहीत धरूनच चला. त्याला उपाय म्हणजे वही. तालुक्यात एकच नोंदवही ठेवा आणि त्यात प्रत्येक मुलाची मागच्या वर्षातली सगळ्यात चांगली नोंद. गट ठरवताना आजचे गुण आणि ती नोंद यातला जो आकडा मोठा, तो धरायचा. नोंद करताना तारीख, धनुष्याचा प्रकार, अंतर, लक्ष्याचा आकार आणि बाण किती, हे सगळं लिहिलंच पाहिजे. नुसतं "२६० गुण" म्हणजे "बारा क्विंटल झाले" म्हटल्यासारखं आहे. किती एकरात ते विचारल्याशिवाय आपण उत्पन्न मानतो का? पीक स्पर्धेतसुद्धा सलग ४० आर पेरा आणि पंचांसमोर कापणी असल्याशिवाय आकडा धरत नाहीत.

दुसरी खूण सामन्यातली. सकाळी बाणामागे सरासरी पाच आणि दुपारच्या तिन्ही सामन्यांत साडेआठ, तर पंचांनी त्याला बाजूला घेऊन विचारावं आणि वरच्या गटात टाकावं. एका सामन्यावरून मात्र कोणावर आळ घेऊ नये. नऊ बाण कोणाचेही चांगले जाऊ शकतात. आणि खालचा गट जो जिंकेल त्याला पुढच्या वेळी वरच्या गटातच खेळायचं, वर्षभर परत खाली यायचं नाही, हा नियम आधीच छापून लावा.

आता खरी गाठ. या खेळात नुसतं पदक नसतं, प्रमाणपत्र असतं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. माझ्या ऑफिसात येणारे पालक मला खताच्या अनुदानाइतकेच या ५ टक्क्यांबद्दल विचारतात. अशा वेळी खालच्या गटातल्या पहिल्याला "तिरंदाजीत प्रथम" असं मोघम लिहून कागद दिला, तर उद्या तो कागद कुठे आणि कसा दाखवला जाईल याचा भरवसा नाही. आणि तिथे ज्याचं नुकसान होईल तो वरच्या गटात चौथा आलेला, खरा मेहनती मुलगा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कुवतीचे गट गावच्या आणि तालुक्याच्या खुल्या स्पर्धांपुरतेच असावेत. प्रमाणपत्रावर गट, गुण आणि बाणांची संख्या छापलेली असावी. ज्या शासकीय स्पर्धांचे निकाल गुणांसाठी किंवा नोकरीसाठी धरले जातात, तिथे आहे तीच वय आणि धनुष्याची पद्धत चालू द्यावी. तिथे सोपा गट मागणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात बांध सरकवणं.

काही प्रशिक्षक म्हणतात की अशाने पोरं लाडावतील, मार खाल्ल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही. यात तथ्य आहे. श्लोसरसारख्याशी भिडायची तयारी खालच्या गटात राहून होत नाही. म्हणून तर वर ढकलायचा नियम. पण सहा महिन्यांच्या पोराने चार वर्षांवाल्याकडून नऊ बाणांत हरून तो शिकतो काय, ते मला कोणी सांगितलेलं नाही. जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर पिढ्यान्पिढ्या धनुष्य ओळखीचं आहे. तिथली मुलं शहरात एकदा येतात, एक सामना हरतात आणि परत दिसत नाहीत. ती गेली तर आपलंच नुकसान.

मैदानाबद्दल एकच. नवख्यांचा गट ज्या बाजूला मातीचा उंच बांध आहे त्या बाजूला लावा आणि बाण चालू असताना लक्ष्यामागे जनावर किंवा माणूस फिरकणार नाही हे कोतवालाला सांगून ठेवा. नवख्याचा बाण कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसतं.

गटांना अ, ब, क म्हणू नका, एवढी माझी विनंती. क गटात आलो हे पोरगा घरी सांगत नाही. आपल्या नद्यांची नावं द्या: पैनगंगा, पूर्णा, नळगंगा. पुतण्याला मी हे बोललो तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "काका, मग मी नळगंगेत का?" म्हटलं, यंदा नळगंगेत. सध्या रोज संध्याकाळी गोठ्यामागे, बांधाला गवताच्या पेंढ्या लावून, १८ मीटरवर ३६ बाण मारतो आणि तारीख घालून वहीत गुण लिहितो.