बापाची बाजू घेणारा मुलगा

हॅरी ऑस्बॉर्न बहुतेकांना सिनेमामुळे माहीत आहे. स्पायडरमॅनचा जिवलग मित्र, बड्या बापाचा मुलगा, आणि पुढे बापाचीच ग्रीन गॉब्लिनची हत्यारं उचलून मित्राच्या जिवावर उठलेला. सॅम रायमीच्या २००२ ते २००७ मधल्या तिन्ही चित्रपटांत तो आहे. पण खरा हॅरी भेटतो तो कॉमिकच्या कागदावर. जे. एम. डीमॅटिस हा लेखक आणि सॅल बुसेमा हा चित्रकार यांनी १९९१ ते १९९३ या काळात ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन’च्या अंकांतून तो उभा केला. खलनायकांवर लिहायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते त्याचंच.

हल्ली प्रत्येक खलनायकाला एक दुःखी बालपण चिकटवून देतात. दोन चौकटींत मार खाणारं पोर दाखवायचं आणि पुढचे सगळे खून त्या माराच्या खात्यावर टाकायचे. मला हे अजिबात मान्य नाही. लहानपणी मार खाऊनही कुणाच्या वाटेला न गेलेली माणसं आपल्या आजूबाजूला किती तरी आहेत. हा हिशेब त्यांचा अपमान करतो.

हॅरीची गोष्ट वेगळी आहे. त्याचा आजोबा अँबर्सन ऑस्बॉर्न. कंपनी हातची गेली, पैसा गेला, तो दारूला लागला आणि घरात मारझोड सुरू झाली. त्याचा मुलगा नॉर्मन हे बघत वाढला आणि त्याने ठरवलं, आपण पैशात कमी पडायचं नाही. तो पडलाही नाही. पण बायको वारली, हॅरी लहान होता आणि नॉर्मन धंद्यात बुडाला. १९६६ सालच्या अंकात नॉर्मन स्वतःच बायकोच्या मरणापासूनची ही कहाणी बांधून ठेवलेल्या पीटर पार्करला, म्हणजे स्पायडरमॅनला, ऐकवतो. पोराला वस्तू आणून दिल्या, म्हणजे बाप म्हणून आपण चुकलो नाही, अशी त्याची समजूत.

त्या पोराचं काय झालं ते १९७१ मध्ये दिसलं. कॉलेजातला हॅरी नशेच्या गोळ्या घेताना दाखवला. अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्यानेच मार्व्हलचे लेखक स्टॅन ली यांना अमली पदार्थांविरुद्ध लिहायची विनंती केली होती. तरी कॉमिक्स कोड या प्रकाशकांच्याच सेन्सॉर व्यवस्थेने संमतीचा शिक्का नाकारला आणि मार्व्हलने ही कथा असलेले तीन अंक शिक्क्याशिवाय बाजारात आणले. त्याच वर्षी कोडचे नियम सैल झाले.

१९७३ मध्ये नॉर्मन स्वतःच्याच उडत्या यानाच्या टोकावर भोसकला जाऊन मरतो. हॅरी त्यासाठी स्पायडरमॅनला दोषी धरतो. इथून त्याचे डाव सुरू होतात. त्या डावांत एक गोष्ट सारखी दिसते: हॅरी घरावर घाव घालतो. पीटरच्या घरात बॉम्ब. मग पीटरची मे काकू, मैत्रीण मेरी जेन आणि मित्र फ्लॅश यांना ओलीस धरणं. सगळ्यात क्रूर डाव तर त्याच्या मरणानंतर उघड झाला. पीटरचे आईबाप तो लहान असतानाच गेले होते. १९९२ मध्ये ते अचानक परत येतात. पोरका पीटर त्यांना आई, बाबा म्हणू लागतो. १९९४ मध्ये कळतं की ते यंत्रमानव होते आणि त्यामागचं डोकं हॅरीचं होतं. कुठे मारलं की सगळ्यात जास्त दुखतं, हे त्याला स्वतःच्या घरात समजलं होतं.

डीमॅटिसचं मोठेपण वेगळ्याच ठिकाणी आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘द चाइल्ड विदिन’ या सात अंकांच्या कथेत तीन मुलं एकमेकांशेजारी ठेवली आहेत. पहिला व्हर्मिन, उंदरासारखा झालेला माणूस. डॉ. ॲश्ली काफ्का यांच्या उपचारांत त्याला आठवतं, की लहानपणी बापानेच त्याच्यावर लैंगिक अत्याचार केले. दुसरा पीटर. आईबाप गेले ते आपल्याच दोषामुळे, असा अपराधभाव त्याच्या मनाच्या तळाशी बसलेला. तिसरा हॅरी. बापाच्या वागण्याची आठवण वर येऊ लागते तसा तो ओरडून तिला दाबतो, की माझ्या बाबांचं माझ्यावर प्रेम होतं. या तिघांत हॅरीच गॉब्लिन होतो, आणि त्याचं कारण त्या ओरडण्यात आहे.

मी मुलांचा वाचनवर्ग घेतो. काही वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या एका मुलाच्या दंडावर पट्ट्याचा वळ दिसला. मी काही विचारायच्या आतच त्याने बाही खाली ओढली आणि म्हणाला, “बाबा चांगले आहेत हां, सर. मीच मस्ती केली.” मारलं कुणी, हे मी विचारलंच नव्हतं. हॅरी वाचताना मला तो मुलगा दर वेळी आठवतो. मारणाऱ्याचा राग येण्याआधी मूल त्याचं वकीलपत्र घेतं. राग आला तर बाप गमवावा लागेल, आणि लहान वयात ते कुणाला परवडत नाही. हॅरीने ते वकीलपत्र मोठेपणीही सोडलं नाही. बापाचं निर्दोषत्व टिकवायला दुसरा कुणी तरी गुन्हेगार हवा होता. तो पीटर ठरला.

हे कारण झालं, माफी नव्हे. डीमॅटिस ती कुठेच देत नाही. १९९२ च्या एका अंकात हॅरी बायकोला, लिझला, आणि लहानग्या नॉर्मीला जबरदस्तीने जुन्या वाड्यात नेतो. मुलाला आजोबांचंच नाव ठेवलेलं आहे. पोराच्या चेहऱ्यावरची भीती बुसेमाने अशी काढली आहे की हॅरीबद्दलची कणव तिथे थांबते. चौथी पिढी तयार होताना दिसते.

मग मे १९९३ चा दोनशेवा अंक. हॅरी बापाचंच रसायन घेतो, घरात स्फोटकं पेरतो, पीटरला गुंगीचं औषध देतो. दोघांनी एकत्र मरायचं. तेवढ्यात कळतं की मेरी जेन आणि नॉर्मी आतच आहेत. तो त्यांना बाहेर काढतो आणि मग परत आत जाऊन पीटरलाही आणतो. बालपण कुणी बदलून दिलेलं नाही, रसायन अंगात भिनलेलं आहे, तरीही तो परत जातो. आधीचे सगळे निर्णयही त्याचेच होते, हे या एका कृतीने पक्कं होतं.

२००८ मध्ये मार्व्हलने हॅरीला पुन्हा जिवंत केलं. ती चूक होती असं माझं मत आहे. त्याची गोष्ट दोनशेव्या अंकातच, ॲम्ब्युलन्समधल्या त्याच्या मरणाने संपली होती. हा अंक मिळाला तर जरूर वाचा आणि शेवटच्या पानांवर रेंगाळा. रसायनाने पोखरलेला हॅरी आणि शेजारी पीटर, बाहेर मेरी जेन आणि लहानगा नॉर्मी. मग दोन मित्रांचा हसरा जुना फोटो. शब्दांचा भरपूर वापर करणाऱ्या डीमॅटिसने त्या पानांवर एकही शब्द लिहिलेला नाही.