परसालाही पंचांग हवे

येळ्ळूरच्या शेतकऱ्याला शेतीचे वेळापत्रक कोणी शिकवावे, अशी परिस्थिती नाही. रोहिणीत पेरणी साधावयाची की मृगाची वाट पाहावयाची, भातातले तण केव्हा काढावयाचे आणि सुगी उरकताच जमिनीतली ओल उडण्यापूर्वी मसूर-वाटाणा कसा टाकावयाचा, हे ज्ञान त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. येथल्या काळ्या जमिनीतील बासमतीचा लौकिक बेळगावच्या पेठेबाहेर पोचला, तो या ज्ञानाच्या बळावरच. परंतु हाच शेतकरी शिवारातून घरी परतला, म्हणजे परसातल्या आंब्याकडे वा दारच्या जास्वंदीकडे वर्षातून किती वेळा पाहतो? आंबा धरला म्हणजे एकदा, आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी कौलांवर कोसळली म्हणजे दुसऱ्यांदा. शिवाराला पंचांग आहे. परसाला ते नाही.

पूर्वी ही उपेक्षा खपून जात असे. न्हाणीचे सांडपाणी केळीला नि अळवाला मिळे, शेणखताचा खड्डा परसातच असे आणि झाडाभोवतीची जमीन मोकळी होती. आता अंगणातली फरशी वा सिमेंटचे ठोकळे थेट बुंध्याला भिडविण्याची रीत गावोगाव बोकाळली आहे. चिखल होत नाही, झाडलोट सोपी होते, हे आम्हांस मान्य आहे. पण वृक्षाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती कोंडली की काही वर्षांत झाड शेंड्याकडून वाळू लागते, मुळांचा आधार सुटतो आणि एखाद्या वादळात ते आडवे होते. मग 'झाड जुने झाले होते' असा निवाडा करून सारे मोकळे होतात! राजधानी दिल्लीत हा प्रकार इतका वाढला, की 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाला प्रत्येक झाडाभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त करण्याचा आदेश द्यावा लागला. येळ्ळूरसारख्या गावाने लवादाची वाट पाहण्याचे कारण नाही.

छाटणीची तऱ्हा याहून वेगळी नाही. विजेच्या तारांखालची झाडे पावसाळ्याच्या तोंडावर घाईघाईने बोडकी केली जातात आणि घरमालकही कोयता घेऊन तोच कित्ता गिरवितो. वाळलेल्या व पोखरलेल्या फांद्या वळवापूर्वी, फाल्गुनअखेर उतरवाव्यात. आंब्याची विरळणी फळे उतरल्यावर, परंतु झड लागण्याच्या आत उरकावी. फांदी कापताना प्रथम खालून थोडी खाच घ्यावी, नंतर वरून करवत चालवावी. नाहीतर फांदी आपल्या भाराने सालीची लांबच लांब पट्टी सोलून नेते. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून पाहिली व दाखवून दिले, की फांदी खोडाला मिळते तेथील फुगीर कडे शाबूत राहिले तरच जखम नीट भरते. म्हणून खोडाला खेटून कापू नये आणि वीतभर खुंटही सोडू नये. पाऊस सुरू होण्यापूर्वी बुंध्याला हात-दोन हात उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावा. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी एवढेच त्याला लागते. भांडे मात्र लोखंडी नको.

आमच्या किनारपट्टीवरील वाचकांना येथे एक भेद ध्यानी ठेवावा लागेल. जांभ्या जमिनीतून पाणी निचरून जाते. येळ्ळूरची काळी जमीन ते धरून ठेवते. कोकण-गोव्यातून नेलेले हापूस वा मानकुरादचे कलम तेथे उंचवट्यावर लावले पाहिजे आणि आषाढ-श्रावणात त्याचे आळे फोडून पाण्याला वाट दिली पाहिजे. कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट न चुकता खुडावी. ती माजली की मूळ खुंटाचा रायवळ वाढतो नि हापूस मरतो. मालक मात्र रोपवाटिकेला दोष देत बसतो.

पाऊस ओसरला की आळी पुन्हा बांधून त्यांत पालापाचोळा पसरावा. तो पेटवून देणे हा शुद्ध अविचार होय. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात, मोगऱ्याची नोव्हेंबरअखेरीस. फळत्या आंब्याचे पाणी मोहर येईपर्यंत तोडावे, लहान कलमांचे मात्र तोडू नये. मोहरावर तुडतुडे दिसले तरी तो पूर्ण फुललेला असताना औषध फवारू नये, कारण त्यात मधमाश्या मरतात आणि फळधारणाही बुडते.

राहता राहिली हिरवळ. ज्या हरळीला खणून काढता काढता शेतकऱ्यांच्या पिढ्या खपल्या, तीच हरळी आज नव्या बंगल्यांपुढे विकत आणून अंथरली जाते! गणरायाच्या दूर्वांची सोय होते, हे आम्ही नाकारीत नाही. पावसाळ्यात लावून, एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक न कापता ती राखली, तर शोभतेही. परंतु चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठत असता ती हिरवी ठेवण्याचा हट्ट धरू नये. हरळी उन्हात पिवळी पडते, पण मरत नाही; पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते. तिला घालावयाचे पाणी दोन वर्षांच्या आंब्याच्या कलमाला घालावे, ते कलम मात्र पाण्यावाचून मरेल.

घरधन्याने करावयाचे ते एवढे. ग्रामपंचायतीने करावयाचे त्याहूनही थोडे आहे. गल्लीत वा देवळापुढे ठोकळे बसविण्याचे काम देताना, प्रत्येक झाडाभोवती चहूबाजूंनी एक मीटर जमीन उघडी राहील, अशी अट करारात घालावी आणि ती पाळली गेल्याची पाहणी झाल्यावाचून देयक मंजूर करू नये. या अटीला पैसा लागत नाही. उलट ठेकेदाराला ठोकळे कमीच लागतील.