एका भांड्यात चार चमचे

कोरियातली जुनी माणसे भेटल्यावर ख्यालीखुशाली विचारण्याऐवजी "भात खाल्लास का?" असे विचारतात. शिजलेल्या भाताला त्यांच्या भाषेत 'बाप' म्हणतात, आणि जेवणालाही तोच शब्द. हसू नका! आपल्याकडेही दारी आलेल्याला "जेवलात का?" असे विचारल्याशिवाय राहवत नाही.

आमचा भाचा नोकरीनिमित्त दोन वर्षे तिकडे होता. गळ्यात माळ, म्हणजे मांस-मासळी वर्ज्य. एका रविवारी सोबत्याने त्याला आपल्या गावी जेवायला नेले. बुटके मेज, सारे जमिनीवर बसलेले. प्रत्येकाच्या डावीकडे भाताचा वाडगा, उजवीकडे पातळ सार, आणि मधे सगळ्यांत मिळून लहान लहान बशा: तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेले सोयाबीन, तिखट कोबीची किमची. आजोबांनी चमचा उचलेपर्यंत कोणी हात लावला नाही. भात चमच्याने खायचा, भाज्या धातूच्या दोन काड्यांनी. चमचा भातात उभा खोचायचा नाही; तसा भात ते मृतांपुढे मांडतात. आपला पिंडाचा भात आठवा, म्हणजे उमजेल.

खरी पंचाईत केली ती मधल्या भांड्याने. सोयाबीन शिजवून, कुटून, आंबवून मुरवतात, त्याचा तो उकळता रस्सा. (आपण पोतीच्या पोती सोयाबीन आडतीवर घालून मोकळे होतो!) घरचे सगळे त्यात आपापला चमचा बुडवीत होते. आपल्या डोळ्यांना ते उष्टे, त्यांच्या लेखी तीच माया. २०२० च्या साथीनंतर पुष्कळ जण वेगळी पळी ठेवू लागले आहेत, पण या घरात ती नव्हती.

भाच्याने उष्ट्याचा विषय काढलाच नाही. एवढेच विचारले, "यात मासळी आहे का?" होती. रश्शाला वाळल्या मासळीचे पाणी, किमचीत खारवलेला जवळा. सोबत्याची आई ओशाळली, सोबती गप्प झाला. शेवटी आजी म्हणाली, "म्हणजे हा मठातले जेवण जेवतो होय!" तिथल्या बौद्ध मठांत मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. इतका वेळ समजावून जे कळेना, ते या एका शब्दाने साऱ्या घराला कळले. आजीने हिरव्या पानात भात गुंडाळून विडा केला आणि त्याच्या हाती दिला. तो एकाच घासात खायचा असतो.

थंडी कडक होण्याआधी तिथल्या बायका आळीआळीने जमून हिवाळ्याची किमची घालतात, आपल्या पापड-कुरडयांसारखीच. या चालीला 'किमजांग' म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात तिची नोंद केली. तीत पडणारी लाल मिरची मात्र आपल्यासारखीच त्यांच्याकडेही मूळची अमेरिकेतून आलेली पाहुणी.

त्या वर्षी भाचाही कोबीला मीठ चोळायला बसला होता. आईने चार गड्डे बाजूला काढले, त्यांत जवळा घातला नाही. ती बरणी आजीने वेगळी ठेवली, आणि तिच्यावर एक वेगळा चमचा बांधला.