स्वहस्ते लिहिलेली सनद

सीताबर्डीला नागपूरकर सीताबर्डी म्हणत नाही. तो नुसते ‘बर्डी’ म्हणतो, आणि ‘बर्डीवर जाऊन येतो’ असे सांगून घराबाहेर पडलेला मनुष्य परतताना काय घेऊन येईल याचा भरवसा घरात कोणालाच नसतो. मी परवा चष्म्याची दांडी बदलून घ्यायला गेलो आणि पदपथावर ताडपत्री पसरून बसलेल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यापाशी, जडलेल्या सवयीप्रमाणे, अर्धा तास रेंगाळलो. एके काळी या ताडपत्रीवर परीक्षांची गाइडे, गेल्या सालचे दिवाळी अंक आणि पाने सुटलेल्या कादंबऱ्या यांचे राज्य असे. आता निम्मी जागा आत्मविकासाच्या भाषांतरित पुस्तकांनी बळकावली आहे आणि त्यांतील बहुतेकांची आज्ञा एकच आहे: स्वतःवर प्रेम करा. ‘‘हीच चालतात, साहेब,’’ विक्रेता म्हणाला, ‘‘बाकीच्यांना नुसतं ऊन दाखवून परत नेतो.’’

दुबळा करून मांडलेल्या मताचे खंडन करण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून पूर्वपक्ष आधी नीट सांगतो. हे ग्रंथकार म्हणतात की मनुष्याचे मोल जन्मतःच सिद्ध असते. जो आपली किंमत दुसऱ्याच्या पसंतीवरून ठरवितो तो आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात तिष्ठत राहतो. म्हणून रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी परिपूर्ण आहे’ असे म्हणावे, आणि जे आप्त, स्नेही वा सहकारी या भावनेला धक्का लावतील त्यांना निःसंकोच दूर सारावे. यांतील पहिले विधान मला सर्वस्वी मान्य आहे. दुसरेही बव्हंशी मान्य आहे. माझा वाद आहे तो त्यानंतर येणाऱ्या ‘म्हणून’ या शब्दाशी.

जन्मसिद्ध मोल निराळे आणि त्या मोलाची प्रतीती निराळी. सनद ही दुसऱ्याच्या शिक्क्याने मिळावयाची वस्तू आहे. आपणच कागद घेऊन, आपणच मजकूर लिहून, आपणच शिक्का उठविला तर त्या दस्तऐवजाला पेटीत ठेवण्यापलीकडे उपयोग नाही. मुद्दई, साक्षीदार आणि न्यायाधीश अशा तिन्ही भूमिका एकाच मनुष्याने वठविल्यावर फैसला त्याच्यासारखा लागतो यात नवल ते काय? अंतःकरणालाही हे ठाऊक असते, आणि ठाऊक असते म्हणूनच ते वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा म्हणावे लागते.

बर्डीच्या मॅचिंगच्या दुकानांत ही गोष्ट रोज सिद्ध होत असते. साडीला जुळते ब्लाउजपीस निवडताना दुकानातल्या दिव्याखाली तीन-तीन राणी रंग अगदी सारखे दिसतात. तेव्हा दुकानदार स्वतःच म्हणतो, ‘‘ताई, दारात उजेडात नेऊन बघा.’’ बाई पदराचे टोक आणि ते कापड घेऊन उंबरठ्यावर येते, बोटांत दोन्ही एकत्र धरते, सोबतच्या नणंदेला वा सासूला विचारते, आणि आत जो रंग हुबेहूब वाटला होता तो बाहेर जांभळट निघतो. आरशासमोर उच्चारलेले वाक्य हे दुकानातल्या दिव्याखाली पाहिलेले कापड आहे.

याच्या उलट बाजूला आमचे वडीलधारे उभे आहेत. त्यांचा मंत्र ‘नमतं घे’ हा. संसार म्हणजे तडजोड, चार भांडी एकत्र आली की वाजायचीच, असे सांगून ते घरातल्या एकाच भांड्याला जन्मभर वाजवून घेतात, आणि ते भांडे बहुधा सुनेचे असते. या मंत्राविषयी अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही. आरशाचा उपदेश लोकप्रिय झाला त्याला हाच मंत्र कारण आहे.

माझ्या परिचयातल्या एका तरुणाने कपाटाच्या आरशावर असेच एक वाक्य सुवाच्य अक्षरांत लिहून चिकटविले आहे. घराच्या वाटणीत वडील भावाने आपल्याला गृहीत धरले, वरची खोली न विचारता स्वतःकडे घेतली, या कारणाने तो दोन वर्षे भावाशी बोललेला नाही. आणि ‘नकारात्मक माणसे आयुष्यातून कमी करावीत’ या वचनाचा दाखला तो या मौनासाठी देतो. मी एवढेच विचारले, ‘‘तुला वाईट वाटलं हे त्याला सांगितलंस का?’’ तो म्हणाला, ‘‘मीच काऊन सांगू, काका? त्याला समजायला नको?’’ म्हणजे फिर्याद दाखल नाही, प्रतिवादीला नोटीस नाही, कैफियत ऐकलेली नाही, आणि निकाल मात्र अमलात आलेला आहे! याला स्वाभिमान म्हणत असतील तर रुसवा कशाला म्हणावे?

खंडन पुष्कळ झाले. स्वाभिमानाचे खरे रूप पाहावयाचे तर त्यासाठीही बर्डी सोडून जाण्याचे कारण नाही. 1956 च्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच बर्डीतल्या श्याम हॉटेलात उतरले होते, आणि येथूनच 14 ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या सकाळी, ते पत्नी माईसाहेबांसह दीक्षाभूमीवर गेले. घरगुती कुरबुरीशेजारी हे नाव ठेवताना माझा हात अडखळतो. शतकानुशतकांचा मानवद्रोह कोठे आणि वरच्या खोलीचा तंटा कोठे! परंतु नाते तोडण्याची रीत शिकावयाची तर ज्याने सर्वांत मोठे नाते तोडले त्याच्याकडूनच शिकावी.

ती रीत अशी. 1927 साली महाडच्या तळ्यातील पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह. 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी वर्षानुवर्षे चाललेला सत्याग्रह. म्हणजे गाऱ्हाणे ज्याच्याविषयी, त्याच्याच तोंडासमोर, चारचौघांत मांडलेले. दार उघडत नाही असे पाहिल्यावर 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला जाहीर घोषणा: हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. ही नोटीस झाली. तिच्या अंमलबजावणीपर्यंत मध्ये 21 वर्षे गेली आणि त्या वर्षांत अभ्यास, वाद, विचारणा, सारे झाले. अखेर दीक्षा घेतली तीही एकट्याने, मनातल्या मनात नव्हे: कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतले, आणि मग समोरच्या लाखो अनुयायांना स्वतः दिले. त्या वेळच्या 22 प्रतिज्ञांत आरंभीच्या कित्येक नकाराच्या आहेत खऱ्या. पण पुढे समतेचा स्वीकार आहे, प्राणिमात्रांवर दया आहे, चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे आहे. जुने नाते नाकारणाऱ्याने नव्या नात्याची जबाबदारी त्याच दमात, लोकांदेखत, शिरावर घेतली. ‘मी परिपूर्ण आहे’ असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही.

संसारातील नात्यांविषयीही त्यांनी याच नागपुरात सांगून ठेवले आहे. 20 जुलै 1942 रोजी येथे भरलेल्या दलित महिला परिषदेत त्यांनी बायांना सांगितले की नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीच्या नात्याने त्याच्यासमोर उभ्या राहा, त्याची गुलाम होऊ नका. ‘नमतं घे’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना याहून थेट उत्तर नाही. आणि आरशाच्या उपदेशकांनी ‘समोर उभ्या राहा’ या शब्दांकडे लक्ष द्यावे: पाठ फिरवा असे ते म्हणाले नाहीत.

यावर कोणी म्हणेल की थोरांची गोष्ट थोरांपाशी, सामान्य मनुष्याने काय करावे? नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण घ्या. पोटासाठी ओझी वाहणारी ही बाई. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी तिला हेरले आणि शिक्षिकेचे काम दिले. मोल तिच्यात आधीच होते, त्याचा शोध मात्र दुसरीच्या डोळ्यांनी लागला. आणि पुढे 1922 साली तिने संत चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा एकीकडून मिळालेला विश्वास तिने कितीजणींकडे पोचता केला असेल!

माझ्या त्या तरुण मित्राला मी हे सगळे ऐकविले नाही. पंचविशीतल्या मुलाला इतिहास ऐकवून भावाशी बोलायला लावता येत नाही, एवढे मला कळते. मी फक्त म्हणालो की वरच्या खोलीविषयी तुझे जे म्हणणे आहे ते एका कागदावर लिही, आणि तो कागद आरशावर न लावता भावाच्या पत्त्यावर पाठव. गेल्या आठवड्यात त्याने पत्र टाकले. उत्तर अजून आलेले नाही.