हवी आहे की लागते आहे?

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. गाडी. नवी घ्यायची की नाही हा प्रश्न केव्हाच सुटलाय. बाबांकडून माझ्याकडे आलेल्या हॅचबॅकला अकरा वर्षं झाली, क्लच दुसऱ्यांदा बदलून झाला, आता पुरे. वाद आहे तो फोर बाय फोरचा. म्हणजे तीच गाडी, तोच रंग, त्याच सीट, पण चारही चाकांना ताकद, लो रेंजचा वेगळा गिअर आणि मागच्या डिफरन्शियलला लॉक. एवढ्यासाठी वरचे दोन लाख मोजायचे की नाही?

ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं. "अरे, घ्यायची तर फोर बाय फोरच घे, नाहीतर मग घेतोस कशाला?" हे सांगणाऱ्याची स्वतःची गाडी हिंजवडीच्या बाहेर गेलेली मी तरी पाहिलेली नाही. असो.

मी थारच्या मागे लागलोय, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आली तेव्हा ती फक्त फोर बाय फोर होती. जानेवारी २०२३ मध्ये नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्ती आली आणि तेव्हापासून हा वाद घरोघरी पोचला. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली. त्या वर्षी एमएक्स५ डिझेल मॅन्युअलची एक्स-शोरूम किंमत मागच्या चाकांवर १६.९९ लाख होती आणि फोर बाय फोरला १८.७९ लाख. फरक १ लाख ८० हजारांचा. त्यावर रस्ता कर आणि विमा धरला की दोन लाखांच्या वर जातो. हे दोन लाख कर्जात टाकले, पाच वर्षं आणि ९ टक्के व्याज धरलं, तर महिन्याला साधारण ४,१५० रुपये. एकूण अडीच लाखांच्या घरात. ईएमआयमध्ये बघितलं की सगळंच स्वस्त वाटतं, म्हणून एकूण आकडा मुद्दाम लिहिला.

अमेरिकेत तर हा फार जुना धंदा आहे. जीप रँग्लरची रुबिकॉन आवृत्ती २००३ पासून मिळते. पुढे-मागे दोन्ही लॉक आणि ४:१ चा लो रेंज. फोर्डने २०२१ च्या ब्रॉन्कोला सॅस्क्वॉच नावाचं पॅकेज दिलं, त्यात ३५ इंची टायर. नावंच अशी की माणूस सोमवारच्या मीटिंगमधून उठून थेट डोंगरात जावा. आपल्याकडे सुझुकीची जिमनी २०२३ मध्ये आली ती सगळ्या व्हेरिअंटमध्ये फोर बाय फोरच. तिथे निवडीचा प्रश्नच ठेवला नाही, बरं झालं.

आता दोन लाखांत नेमकं मिळतं काय? सेल्समन सांगतो त्यापेक्षा जरा खोलात जाऊ. इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी उपयोगी पडायलाच हवीत.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. ऐकायला छान वाटतं, पण एक चाक चिखलात गेलं की त्याला गरागरा फिरवायला अगदीच थोडा टॉर्क लागतो. मग कोरड्यावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा मिळतो. गाडी जागच्या जागी. लॉक लावला की दोन्ही चाकं एका वेगाने फिरतात, आणि ज्याला पकड आहे ते गाडी ओढून काढतं. लो रेंजमध्ये वेग मरतो, पण चाकावरची ताकद काही पटींनी वाढते. चढावर क्लच जळत नाही, आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. चार चाकांना ताकद मिळाली की प्रत्येक चाकावर कमी भार येतो, त्यामुळे घसरायची शक्यता कमी.

हे सगळं खरं आहे. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण काय मिळत नाही तेही बघा. फोर बाय फोरने ब्रेक चांगले लागत नाहीत. ओल्या ताम्हिणीत वळण घेताना ती काही वेगळी वागत नाही. सगळ्या गाड्यांना ब्रेक चारही चाकांनाच असतात आणि पकड टायरची असते. शिवाय थार, जिमनीसारख्या गाड्यांतलं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावायचंच नसतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळणावर सगळी यंत्रणा पिळली जाते. म्हणजे पावसात एक्सप्रेसवेवर 'सेफ्टी' म्हणून घेणार असाल तर तो हिशोब साफ चुकला.

आता माझी गोष्ट. कारण खरा प्रश्न ब्रोशरमध्ये नाहीच.

आई-बाबा निवृत्तीनंतर गावी राहायला गेले. भोरच्या पुढे, हिरडस मावळात. डांबरी रस्ता संपला की आमच्या घरापर्यंत दीड किलोमीटर कच्चा रस्ता, आणि त्यात शेवटी एक चढ. पावसाळ्यात तो चढ म्हणजे लाल लोणी. गेल्या जुलैत रात्री साडेअकराला आईचा फोन आला, बाबांच्या छातीत दुखतंय. मी बाणेरहून निघालो. त्या पावसात दोन तास लागले. पोचलो ते थेट भोरच्या दवाखान्यात, कारण तोवर शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टर काढून बाबांना डांबरीपर्यंत आणलं होतं आणि पुढे १०८ ची अॅम्ब्युलन्स मिळाली होती. ईसीजी नीट निघाला, पित्ताचा त्रास होता. पण ते दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत.

त्याच रविवारी बाबांना घरी सोडायला गेलो आणि शेवटच्या चढावर माझी गाडी रुतली. बाबा आत बसलेले, आई खाली उतरून साडी सावरत चिखलात उभी, आणि मी एक्सलेटर दाबून चाकं अजून खोल घालतोय. शेवटी परत तात्या, परत ट्रॅक्टर. सोमवारी ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम केलं ते टेस्ट ड्राइव्ह बुक करायचं. मनात एकच वाक्य. बाबांसाठी फोर बाय फोर लागतेच.

हे वाक्य इतकं पक्कं होतं की दीड महिना मी ते तपासलंच नाही. कोडमध्ये असं गृहीतक ठेवलं तर मीच रिव्ह्यूमध्ये दुसऱ्याला फाडून खाईन. मग एका विकांताला बसलो. पेट्रोलची नोंद ठेवतो त्या अॅपमधून मागचे १८ महिने काढले. गावच्या फेऱ्या ३१. त्यातल्या पावसाळ्यातल्या ११. अडकलो ३ वेळा.

पहिल्यांदा, रस्त्याच्या कडेचा चर गवतात दिसला नाही आणि चाक त्यात गेलं. तिथे लॉकचा उपयोग झाला असता, मान्य. दुसऱ्यांदा तोच जुलैचा रविवार. तिसऱ्यांदा सप्टेंबरात, परत त्याच चढावर. आणि मी तिथे कपाळाला हात लावून उभा असताना दुधाचा पिकअप माझ्या बाजूने वर निघून गेला. नुसत्या मागच्या चाकांवर चालणारा. मागे कॅनचं वजन आणि खोल नक्षीचे टायर, बस्स. माझ्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना. चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि त्यात टायर गुळगुळीत. म्हणजे तीनपैकी दोन वेळा मला कमी पडले ते टायर आणि मागची चाकं. लॉक नाही.

आता राहिली ती रात्र. ती या यादीत नाहीच! हे लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्या रात्री माझ्या गाडीला चिखल लागलाच नव्हता. मी डांबरीवरून दवाखान्यात गेलो. ती रात्र आणि तो रविवार माझ्या डोक्यात एक होऊन बसले होते. भीती रात्रीची, लाज रविवारची, आणि दोन्हींवर मिळून मी एकच औषध शोधत होतो. फोर बाय फोर असती तरी ती त्या रात्री साडेअकराला बाणेरच्या बेसमेंट पार्किंगमध्येच उभी असती. बाबांना हे बोललो तर ते एवढंच म्हणाले, "अरे, गाडी तुझ्याकडे आणि चिखल माझ्याकडे. कसं जमायचं?"

आई अजून सरळ बोलली. "हवी आहे असं म्हण. लागते असं म्हणू नकोस. बाबांच्या नावावर कशाला घेतोस?"

पोपट झाला तो असा.

पण त्यातूनच काही गोष्टी माझ्यापुरत्या पक्क्या झाल्या. तुम्हीही याच प्रश्नावर अडला असाल तर बघा पटतात का.

एक, आधी दिवस मोजा. मागच्या वर्षात असे किती दिवस होते की दोन चाकांची, चांगल्या टायरची उंच गाडी अडली असती? स्वप्नातले दिवस धरू नका. स्पीती धरू नका. वर्षाला दहा-बारा दिवस निघत असतील, शेतावर राहत असाल, कोकणात आतल्या वाडीवर रोज जात असाल, तर डोळे मिटून घ्या. पैसे वसूल आहेत.

दोन, नंतर बसवता येतं ते आज कंपनीकडून घेऊ नका आणि नंतर बसवता येत नाही ते आजच ठरवा. चांगले टायर, हवा भरायचा छोटा कंप्रेसर, ओढायचा पट्टा, खालची जाड पत्र्याची प्लेट, हे सगळं नंतर मिळतं. ट्रान्सफर केस आणि पुढचा अॅक्सल नंतर बसवायचा म्हणजे डोक्याची मंडई, शिवाय वॉरंटी आणि आरटीओचं झेंगट. म्हणून पॅकेजची किंमत ठरवताना फक्त या दुसऱ्या यादीची किंमत धरा. स्टिकर, सीटचे रंग आणि डोंगराचं चित्र असलेली पाटी यांची धरू नका.

तीन, हौस असेल तर हौस म्हणा. हौसेला काही वाईट म्हणत नाही मी. महिन्याला एकदा ट्रॅकवर जाऊन शिकणार असाल, तर दोन लाख ही त्या छंदाची फी आहे आणि ती द्यायला हरकत नाही. पण छंदाला जागा लागते. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल-स्पीतीत एकाने चंद्रा नदीतून थार हाकली आणि पोलिसांनी दंड केला, ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्या सड्यांवरची माती बोटभर जाडीची असते आणि त्यातच ती फुलं येतात. तिथे चाक गेलं की वर्षानुवर्षं चाकोरी राहते. गाडी जाऊ शकते म्हणून जायचं नसतं.

आणि माझं काय? मी मागच्या चाकांचीच बुक केली. टायर चांगले घालणार आहे. उरलेल्या पैशांतून आम्ही तीन घरांनी मिळून चढावर काम काढलं. पाणी आडवं वाहत होतं म्हणून कडेने चर काढला, एका जागी पाइप टाकला, वर मुरूम. तिघांत मिळून पासष्ट हजार गेले. तात्यांचा नंबर आईच्या फोनमध्ये स्पीड डायलवर एक नंबरला आहे. माझा दोन नंबरला गेला, आणि ते बरोबरच आहे.

चढ या पावसाळ्यात टिकतो का ते बघायचं. मुरूम वाहून गेला तर परत टाकू. निदान गाडी बाणेरात असताना तो तिथे तरी असेल.

बाकी शोरूममध्ये लो रेंजचा तो लिव्हर पाहिला की अजूनही पोटात कालवतं, हे कबूल. हवी आहेच हो. लागत नाही, एवढंच. :-)